आकाशांतील चुंबकरेषांची तोडजोड

इ. स. १८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या २ तारखेस मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंतील चुंबकसूची एकाएकी अस्वस्थ झाली. सूचीची स्थिति डोळ्यांनीं वाचून ती वहींत टिपून ठेवण्याचा तेथें त्या काळीं परिपाठ होता. त्या दिवशींच्या आंकड्यांवरून पृथ्वीच्या चुंबकत्वाचा क्षितिजसमांतर भाग सुमारें १,६०० नॅनोटेस्लांनीं उतरल्याचें दिसतें. मुंबईजवळ हा भाग आज ३८,००० नॅनोटेस्लांच्या आसपास असतो, हें ध्यानांत घेतां ही घट शेंकडा चार होते. आंकडा लहान दिसला, तरी चुंबकत्वाच्या जगांत तो प्रलयच म्हटला पाहिजे. आदल्याच दिवशीं इंग्लंडांत रिचर्ड कॅरिंग्टन यांस दुर्बिणींतून सूर्याच्या डागांजवळ एक प्रखर भडका दिसला होता. त्यानंतर सुमारें साडेसतरा तासांनीं पृथ्वीवर वादळ आलें, आणि युरोप-अमेरिकेंतील तारायंत्रें बिघडलीं. कुलाब्याच्या त्या जुन्या नोंदी ब्रूस त्सुरुतानी, गुरबक्ष लाखिना व त्यांचे सहकारी यांनीं इ. स. २००३ सालीं जगापुढें पुनः मांडल्या.

सूर्यावर भडका उडाला आणि पृथ्वीवर सूची हलली, एवढ्यानें उलगडा होत नाहीं. मध्यें १५ कोटि किलोमीटरांचें अंतर आहे. शिवाय पृथ्वीभोंवतीं तिच्या स्वतःच्या चुंबकत्वाचा कोट आहे. सूर्याकडून येणारा वारा या कोटावर आदळावा आणि दोन्ही अंगांनीं निघून जावा, असेंच सामान्य नियमानें व्हावयास पाहिजे. मग त्या वाऱ्याची शक्ति कोटाच्या आंत शिरते ती कोणत्या वाटेनें? या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास दीडशें वर्षांहून अधिक काळ लागला. आणि तें सांपडलें कोठें, तर अवघ्या कांहीं किलोमीटर जाडीच्या एका पातळ पट्ट्यांत. त्या पट्ट्यांत काय घडतें, हाच प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

प्रथम या वाऱ्याचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. सूर्यापासून अहोरात्र एक विरळ प्रवाह वाहत असतो. त्याचा वेग सेकंदास सुमारें ४०० किलोमीटर असतो, आणि पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरांत सुमारें पांच प्रोटॉन व तितकेच इलेक्ट्रॉन सांपडतात. अणू फुटून धन आणि ऋण कण असे मोकळे झाले म्हणजे त्या मिश्रणास प्लाझ्मा म्हणतात. हा सूर्यवारा सूर्याचें दुर्बळ चुंबकीय क्षेत्र आपल्याबरोबर घेऊन येतो. पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूस, पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारें दहापट अंतरावर, म्हणजे ६४,००० किलोमीटरांच्या सुमारास, त्याची व पृथ्वीच्या क्षेत्राची गांठ पडते. ती या कोटाची वेस होय. रात्रीच्या बाजूस हेंच क्षेत्र वाऱ्यानें ओढलें जाऊन धूमकेतूच्या शेंपटासारखें लाखों किलोमीटर लांब पसरलेलें असतें.

आतां प्लाझ्म्याचा एक चमत्कारिक गुणधर्म असा, कीं त्यांतील कण आणि चुंबकीय बलरेषा हीं एकमेकांस सोडीत नाहींत. मण्यांतून दोरा ओवलेला असावा त्याप्रमाणें कण रेषेशीं बांधलेले राहतात. वारा वाहिला कीं रेषा त्याबरोबर जाते, आणि रेषा ताणली कीं कण तिच्यामागें येतात. स्वीडनचे हान्नेस आल्फ्वेन यांनीं इ. स. १९४० नंतरच्या दशकांत हा नियम सांगितला. या नियमानुसार सूर्याच्या दोऱ्यांत ओवलेले मणी पृथ्वीच्या दोऱ्यांत येऊंच शकत नाहींत. नियम सर्वत्र तंतोतंत पाळला गेला असता, तर पृथ्वीचा कोट अभेद्य ठरला असता, आणि १८५९ सालची ती सूची इतकी हललीच नसती. तेव्हां हा नियम कोठें तरी मोडतो, हें उघड आहे.

तो कोठें मोडतो याची कल्पना प्रथम सूर्याच्या अभ्यासांतून आली. ऑस्ट्रेलियाचे रोनाल्ड जिओवानेली यांनीं १९४६ सालीं सूर्यावरील भडक्यांचा संबंध चुंबकीय क्षेत्र शून्य होणाऱ्या स्थानांशीं जोडला. इंग्लंडांत फ्रेड हॉईल यांचे शिष्य जेम्स डंजी यांनीं १९५३ सालीं या स्थानीं रेषा तुटून पुनः जोडल्या जाऊं शकतात असें दाखविलें, आणि १९६१ सालीं हीच कल्पना पृथ्वीला लावली. सूर्यवाऱ्याबरोबर येणारें क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलें असलें, म्हणजे वेशीवर तें पृथ्वीच्या उत्तरगामी क्षेत्राच्या नेमकें उलट पडतें. दोन विरुद्ध रेषा जवळ येतात, मध्यें क्षेत्र नाहींसें होतें, आणि सूर्याच्या रेषेचा अर्धा भाग पृथ्वीच्या रेषेच्या अर्ध्या भागाशीं जोडला जातो. रेल्वेच्या सांध्यावर रूळ फिरविला म्हणजे पुण्याची गाडी नाशिकच्या मार्गास लागते, तसाच हा प्रकार आहे. वाऱ्याबरोबर या जोडलेल्या रेषा मागें ओढल्या जातात, शेंपटांत सांठतात, ताणल्या जातात, आणि तेथें पुनः एकदां तुटून जोडल्या जातात. ताणलेली रेषा सुटली, म्हणजे गलोलीच्या रबराप्रमाणें तिच्यांतील शक्ति कणांच्या वेगांत उतरते. ते कण पृथ्वीकडे धांवतात, आणि ध्रुवप्रदेशांत आकाश रंगीबेरंगी प्रकाशानें उजळून निघतें. या क्रियेस चुंबकीय पुनर्जोडणी असें नांव आहे.

कल्पना सुंदर होती. पण हिशेब जुळेना. पीटर स्वीट व यूजीन पार्कर यांनीं १९५६-५७ च्या सुमारास या क्रियेचें गणित मांडलें, तेव्हां ती फारच मंद ठरली. सूर्यावरील जो भडका कांहीं मिनिटांत उडून जातो, त्यास त्या गणितानें महिने लागावयास पाहिजेत. गणितांत चूक नव्हती. चूक असलीच तर ती गृहीतकांत होती. तारेंतून वीज वाहते तेव्हां इलेक्ट्रॉन अणूंवर आपटतात व त्यामुळें रोध उत्पन्न होतो. तोच रोध रेषा तोडीत असेल असें मानलेलें होतें. पण सूर्यवाऱ्यांत एका कणाची दुसऱ्याशीं खरीखुरी धडक होण्यापूर्वीं तो जवळजवळ सूर्य-पृथ्वी-अंतराएवढी मजल मारून जातो. जेथें कोणी कोणास धडकत नाहीं, तेथें घर्षण कोठून येणार?

येथें विद्युत्क्षेत्राकडे वळणें प्राप्त आहे, कारण सर्व प्रश्नाची मेख त्यांत आहे. चुंबकीय क्षेत्रांतून प्लाझ्मा वाहूं लागला, कीं तेथें डायनामोच्या तत्त्वानें विद्युत्क्षेत्र उत्पन्न होतें, आणि तें वेग व चुंबकीय क्षेत्र यांच्या गुणाकाराइतकें असतें. मणी आणि दोरा एकत्र जातात याचाच हा दुसरा अर्थ. रेषा दोन्ही बाजूंनीं सारख्या येऊन जोडल्या जात असतील, तर हें विद्युत्क्षेत्र सर्व मार्गभर कायम राहिलें पाहिजे. मध्यभागींही तें शून्य होतां कामा नये. तें शून्य झालें, तर नव्या रेषांचें येणें थांबेल. म्हणून हें विद्युत्क्षेत्र म्हणजेच रेषा किती झपाट्यानें जोडल्या जातात याचें मापच होय. पण मध्यभागीं तर चुंबकीय क्षेत्रच नाहीं! शून्यानें कोणत्याही वेगास गुणलें तरी शून्यच येणार. मग तेथील विद्युत्क्षेत्राचा भार उचलतो कोण?

हा प्रश्न सावकाराच्या खातेवहीसारखा आहे. एका बाजूस विद्युत्क्षेत्र नांवें पडलेलें आहे. दुसऱ्या बाजूस तेवढीच जमा दाखविली पाहिजे. शाळेंत शिकविला जाणारा ओहमचा नियम याच खातेवहीचें एक लहानसें पान आहे. प्लाझ्म्यासाठीं तें पान मोठें करावें लागतें. त्यावर प्रवाहाच्या वेगाची एक बाब असते, ती मध्यभागीं शून्य. विद्युत्प्रवाह आणि चुंबकीय क्षेत्र यांच्या परस्पर क्रियेची दुसरी बाब असते. ती मध्याच्या बाहेर जड प्रोटॉनांना हलक्या इलेक्ट्रॉनांपासून वेगळें काढते. पण तीही चुंबकीय क्षेत्रावर अवलंबून असल्यानें ऐन मध्यावर निरुपयोगी. घर्षणाची तिसरी बाब नगण्य. उरतात दोनच: इलेक्ट्रॉनांचें जडत्व, आणि इलेक्ट्रॉनांचा दाब.

दाब म्हटला म्हणजे सायकलच्या चाकांतील हवा डोळ्यांपुढें येते. ती हवा सर्व दिशांना सारखीच रेटते, कारण तिचे रेणू क्षणोक्षणीं एकमेकांवर आपटून आपली मूळ दिशा विसरून जातात. असल्या समान दाबाचा येथें कांहींच उपयोग नाहीं. ज्या ओळीवर रेषा तुटतात त्या ओळीच्या लांबीभर स्थिति जवळपास एकसारखी असते. आणि जेथें दाबांत फरक नाहीं तेथें ढकलणेंही नाहीं. परंतु अवकाशांतील इलेक्ट्रॉन धडकत नसल्यामुळें दिशा विसरत नाहींत. त्यांचा दाब एका दिशेस अधिक व दुसऱ्या दिशेस उणा असूं शकतो. इतकेंच नव्हे तर तो तिरकसही असूं शकतो. तिरकस म्हणजे असा, कीं जे कण उजवीकडे बाहेर पडत आहेत, तेच आपल्याबरोबर पुढच्या दिशेची गतिही घेऊन जात आहेत. लिथुआनियन वंशाचे शास्त्रज्ञ व्हासिलियुनास यांनीं १९७५ सालीं असें दाखविलें, कीं मध्यभागींच्या विद्युत्क्षेत्राचा भार उचलण्याचें सामर्थ्य या तिरकस दाबांत आहे.

विहिरीवरील रहाटाच्या उदाहरणानें ही गोष्ट स्पष्ट होईल. रहाटाची गाडगीं रिकामीं खालीं जातात, भरून वर येतात, आणि पाणी पन्हाळींत ओतून पुनः रिकामीं होतात. आंस कितीही तेल घालून गुळगुळीत केला, घर्षण अगदीं नाहींसें केलें, तरी बैलाला ओझें लागतच राहतें. कारण दर क्षणीं नवें गाडगें भरून निघत असतें. त्याचप्रमाणें मध्यभागीं चुंबकीय क्षेत्र दुर्बळ असल्यामुळें इलेक्ट्रॉन एका रेषेभोंवतीं न फिरतां या बाजूकडून त्या बाजूकडे नागमोडी हेलकावे घेतात. तेवढ्या थोड्या वेळांत विद्युत्क्षेत्र त्यांना पुढें ढकलून वेग देतें. मग ते कडेला पोहोंचून तो वेग घेऊन निघून जातात, आणि त्यांच्या जागीं नवे, रिकाम्या हातांचे इलेक्ट्रॉन येतात. कोणी कोणास धडकलें नाहीं, तरी विद्युत्क्षेत्राला सतत काम पडत राहिलें. हाच तो रोध, आणि तिरकस दाब हें त्याचें गणिती नांव.

एवढें सर्व कागदावर व पुढें संगणकावर सिद्ध झालें. पण निसर्गांत तें खरोखर असेंच आहे कीं काय, हें पाहणें फार कठीण होतें. दिवसाच्या बाजूच्या वेशीवर हा इलेक्ट्रॉनांचा पट्टा दोनचार किलोमीटर जाडीचा असतो. वेस तर सूर्यवाऱ्याच्या झोतांबरोबर सेकंदास कित्येक किलोमीटर वेगानें पुढेंमागें हेलकावत असते. त्यामुळें यानावरून तो पट्टा डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच निघून जातो. आधींच्या यानांना इलेक्ट्रॉनांची एक पूर्ण मोजणी करण्यास कांहीं सेकंद लागत. म्हणजे धांवत्या आगगाडीच्या डब्यांतील उतारू मिनिटांतून एकदां डोळे उघडून मोजण्यासारखेंच तें होतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं अमेरिकेच्या नासा या संस्थेनें २०१५ च्या मार्च महिन्यांत मॅग्नेटोस्फेरिक मल्टिस्केल या नांवाचीं चार एकसारखीं यानें आकाशांत सोडलीं. तिन्ही दिशांना दाब किती बदलतो हें एकाच क्षणीं कळावयाचें, तर निदान चार ठिकाणीं मोजमाप हवें. म्हणून हीं यानें चतुष्फलकाच्या चार कोनांवर, एकमेकांपासून सुमारें १० किलोमीटरांवर, व पुढें तर अवघ्या सातएक किलोमीटरांवर, उडविण्यांत आलीं. प्रत्येक यान इलेक्ट्रॉनांची पूर्ण मोजणी एका सेकंदांत तेहेतीस वेळां करतें. विद्युत्क्षेत्र मोजण्यासाठीं प्रत्येकाला साठ साठ मीटर लांबीच्या चार तारा असून त्यांच्या टोकांना धातूचे गोळे आहेत. समोरासमोरच्या गोळ्यांतील विद्युद्दाबाचा फरक पाहून क्षेत्र काढतात. हें क्षेत्र मीटरमागें कांहीं सहस्रांश व्होल्ट इतकें अल्प असतें. त्यावरून त्यास क्षुद्र मात्र समजूं नये. मीटरमागें एक सहस्रांश व्होल्ट हें माप एक लाख किलोमीटरांवर पसरलें, तर त्याची बेरीज एक लाख व्होल्ट होते.

२०१५ च्या ऑक्टोबर महिन्याच्या १६ तारखेस हीं यानें दिवसाच्या वेशीवरील पट्ट्यांतून पार गेलीं. जेम्स बर्च व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुढील वर्षीं तें वृत्त प्रसिद्ध केलें. तेथील इलेक्ट्रॉनांचे वेग आलेखावर मांडले असतां त्यांची आकृति गोल न येतां चंद्रकोरीसारखी आली. नागमोडी हेलकावे घेणाऱ्या आणि विद्युत्क्षेत्राकडून ढकलल्या गेलेल्या इलेक्ट्रॉनांची ती खूणच होती. मग खातेवही उघडण्यांत आली. रॉय टॉर्बर्ट व इतरांनीं १० किलोमीटरांवरील चार यानांच्या मापांवरून दाबाची व जडत्वाची बाब काढली. दोन्ही बाबी महत्त्वाच्या ठरल्या. पण त्यांची बेरीज करूनही शेंकडा ३० ते ५० इतकी रक्कम हिशेबाबाहेर राहिली. त्यांनीं ती तूट झांकली नाहीं. आंकड्यांसह छापून टाकली. पट्टा दोनतीन किलोमीटरांचा आणि यानें दहा किलोमीटरांवर, ही अडचणही हिशेब पाहणाऱ्यानें विसरतां कामा नये.

पुढील संधि २०१७ च्या जुलै महिन्याच्या ११ तारखेस आली. या वेळीं यानें रात्रीच्या बाजूस, पृथ्वीच्या शेंपटांत, पृथ्वीपासून सुमारें १ लक्ष ४० हजार किलोमीटरांवर होतीं. शेंपटांत कण फारच विरळ, त्यामुळें पट्टा अधिक जाड, सुमारें तीस किलोमीटरांच्या मानाचा. आणि दोन्ही बाजूंचीं क्षेत्रें सारख्या बळाचीं. म्हणजे परीक्षेला याहून स्वच्छ पाटी मिळणें कठीण. येथें इलेक्ट्रॉनांचे झोत सेकंदास २०,००० किलोमीटरांपर्यंत वेगानें जातांना दिसले. चंद्रकोरी पुनः दिसल्या, आणि त्याही एकींत एक अशा अनेक. पट्ट्याची जाडी त्याच्या लांबीच्या एक दशांश ते एक पंचमांश भरली. शीघ्र पुनर्जोडणीला जें प्रमाण लागतें तें हेंच. या प्रसंगाच्या मापांवरून यान एगेडाल व सहकाऱ्यांनीं २०१९ सालीं दाखविलें, कीं मण्याची आणि दोऱ्याची बांधणी मोडण्याचें काम इलेक्ट्रॉनांच्या दाबाचे तिरकस भागच करतात. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीं कागदावर मांडलेलें विधान अशा रीतीनें आकाशांत पडताळून पाहिलें गेलें.

हा सारा खटाटोप कशासाठीं, असें कोणी विचारील. १९८९ च्या मार्च महिन्याच्या १३ तारखेस कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत अशाच एका चुंबकीय वादळानें जमिनींत प्रवाह उत्पन्न केले, आणि सारें वीजजाळें सुमारें दीड मिनिटांत कोलमडलें. साठ लाख लोक नऊ तास अंधारांत राहिले. २०२४ च्या मे महिन्याच्या १० व ११ तारखांस आलेल्या वादळांत चुंबकत्व सुमारें ४०० नॅनोटेस्लांनीं उतरलें, आणि लडाखांतील हानले येथें आकाश तांबूस झालेलें टिपलें गेलें. विजेच्या तारा, विमानांचे मार्ग, उपग्रह, दिशा दाखविणारीं यंत्रें हीं सर्व ज्या काळांत एकमेकांत गुंतलेलीं आहेत, त्या काळांत १८५९ च्या तोलाचें वादळ आलें तर हानि तारायंत्रांपुरती राहणार नाहीं. वादळाचें भाकित करावयाचें, तर सूर्यवाऱ्याची किती शक्ति किती वेळांत आंत येईल हें सांगतां आलें पाहिजे. आणि तो दर ठरतो पुनर्जोडणीच्या विद्युत्क्षेत्रावरून. मोठमोठ्या गणितांत हा बारीकसा पट्टा आजवर अंदाजानें धरावा लागे. त्याचे नियम कळले म्हणजे अंदाजाच्या जागीं आधार येतो.

या कामीं महाराष्ट्राचाही वांटा आहे. मुंबईंत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि त्यांच्या प्रवाहानें नाजूक सूच्या बिघडणार, हें ओळखून कुलाब्याचे चुंबकीय वेध अलिबागेस हलविण्यांत आले. तेथें १९०४ सालापासून ते घेतले जात आहेत, आणि पनवेल येथील भारतीय भूचुंबकत्व संस्था तें काम पाहते. आकाशांतील चार यानें पट्ट्याच्या पोटांत शिरून कारण सांगतात. अलिबागेसारखीं ठिकाणें त्याचा परिणाम पिढ्यान् पिढ्या टिपून ठेवतात. कारणावांचून परिणाम आंधळा, आणि परिणामावांचून कारण पांगळें.

दिवसाच्या वेशीवरील हिशेबाची ती तूट सर्वत्र व सर्व प्रसंगीं भरून निघाली, असें म्हणणें घाईचें होईल. तेथें दोन्ही बाजूंचा प्लाझ्मा असमान असतो, लहरी उठतात, भोंवरे पडतात. परंतु मुख्य गोष्ट आतां स्थिर झाली आहे. लाखों किलोमीटर पसरलेल्या चुंबकीय कोटाचा दरवाजा उघडण्याची किल्ली कांहीं किलोमीटरांच्या जागेंत आहे, आणि ती विश्वांतील अतिशय हलक्या अशा एका कणाच्या हातीं आहे. प्रोटॉनाच्या सुमारें १,८३६ व्या हिश्शाएवढें वजन असलेला हा इलेक्ट्रॉन आपला तिरकस रेटा देतो, म्हणून रेषा तुटतात. आणि रेषा तुटतात, म्हणून सूर्याचा कोप पृथ्वीपर्यंत पोहोंचतो.